लाईनची गाडी की लोकल? ट्रकची नोकरी घेण्याआधीची आकडेमोड

ट्रक ड्रायव्हरची नोकरी शोधणारा माणूस पहिला प्रश्न पगाराचा विचारतो आणि दुसरा ‘गाडी कुठवर जाते’ हा. प्रश्न दोन्ही रास्त आहेत, पण तेवढ्यावर होकार दिला की दोन-तीन महिन्यांत कुरबुर सुरू होते. लाईनवर, म्हणजे लांब पल्ल्याच्या गाडीवर, गेलेल्याला कळतं की पगारातला वाढीव भाग रस्त्यावरच खर्च होतोय. रोज घरी येता येईल म्हणून लोकल, म्हणजे जवळपासच्या फेऱ्यांची गाडी, धरलेला पहाटे तीनला उठतो, संध्याकाळी येतो आणि जेवताजेवता पेंगतो. मुलं त्याला दोन्ही वेळेला झोपलेलीच दिसतात.

म्हणून इथे किलोमीटर बाजूला ठेवू आणि तास मोजू. गाडी चालवण्यात किती गेले, गोदामाच्या दारात उभं राहण्यात किती, घराबाहेर एकूण किती आणि त्यातल्या कोणत्या तासाचे पैसे हातात येतात. ही आकडेमोड एकदा कागदावर मांडली की निवड बरीच सोपी होते.

पायरी १ : जाहिरातीतला ‘लोकल’ नेमका कोणता?

लोकल हे एक काम नाही. दुकानोदुकानी माल पोचवणारी गाडी दिवसात पंधरा-वीस ठिकाणी थांबते. तिथे चालवणं कमी आणि चढउतार, मोजामोज, पोचपावतीवर सह्या घेणं जास्त. टिपरवाला खाणीपासून बांधकामापर्यंत त्याच रस्त्यावर दिवसभर खेपा मारतो आणि धूळ खातो. बंदर ते गोदाम कंटेनर ओढणाऱ्याचा निम्मा दिवस रांगेत जातो. इंधनाचा टँकर लोकल असला तरी त्याला धोकादायक मालाचं वेगळं प्रशिक्षण लागतं, जबाबदारी मोठी आणि पैसेही बहुधा बरे. ही चारही कामं एकाच शब्दाखाली छापून येतात.

लाईनचंही तसंच. ठरलेल्या दोन डेपोंमध्ये रात्री ये-जा करणारी गाडी आणि ‘माल मिळेल तिकडे’ जाणारी गाडी यांच्यात जमीनअस्मानाचा फरक आहे. पहिलीत पुढच्या शुक्रवारी तुम्ही कुठे असाल हे आज सांगता येतं. दुसरीत परतीचा माल मिळेपर्यंत परक्या गावात दोन दिवस बसून राहावं लागू शकतं. डबल ड्रायव्हरची गाडी हा तिसरा प्रकार: गाडी जवळपास थांबतच नाही, एक चालवतो तेव्हा दुसरा धावत्या गाडीत झोपतो. तशी झोप सगळ्यांना लागत नाही, आणि जोडीदाराशी पटलं नाही तर केबिन फार लहान वाटते.

या दोन्हींच्या मध्ये विभागीय काम येतं, आठवड्यातल्या दोन-तीन रात्री बाहेर आणि बाकीच्या घरी. त्याची जाहिरात कधी ‘लोकल’ म्हणून होते, कधी ‘लांब पल्ला’ म्हणून. त्यामुळे जाहिरातीतल्या शब्दाशी हुज्जत न घालता एकच विचारा: या गाडीवरचा ड्रायव्हर गेल्या महिन्यात किती रात्री स्वतःच्या घरी झोपला? आकडा न देता ‘तसं काही नाही, ॲडजस्ट होतं’ असं उत्तर आलं, तर नियोजन नाही असं समजा.

पायरी २ : कोणता दरवाजा तुमच्यासाठी उघडा आहे

काही वेळा निवड वय आणि परवानाच करून टाकतात. अमेरिकेत १८ व्या वर्षी अवजड वाहनाचा परवाना मिळतो, पण राज्याची हद्द ओलांडून माल न्यायला सर्वसाधारणपणे २१ वर्षं पूर्ण लागतात. म्हणजे एकोणीस वर्षांच्या मुलाने राज्यातल्या राज्यातच काम बघायचं. युरोपीय संघात अवजड ट्रकचा परवाना साधारणपणे २१ व्या वर्षी. व्यावसायिक प्रशिक्षण पूर्ण केलं असेल तर १८ व्या. भारतात व्यावसायिक वाहनासाठी २० वर्षं पूर्ण हवीत आणि हलक्या वाहनाचा परवाना किमान एक वर्ष जुना हवा.

मग अनुभव. ‘नवीन आहेस, आधी लोकल चालव, हात बसला की लाईनवर जा’ हा सल्ला सगळीकडे ऐकू येतो. मला तो अर्धाच पटतो. अरुंद गल्लीत गाडी मागे घेणं, सायकलवाल्यांच्या गर्दीतून वळवणं, माल चढवण्या-उतरवण्याच्या धक्क्याला इंचभर अंतरावर टेकवणं हे महामार्गावर सरळ चालवण्यापेक्षा कठीण आहे. किरकोळ ठोकाठोकी शहरातच जास्त होते, म्हणून अनेक मालक लोकल गाडीलाच अनुभवी माणूस मागतात. नव्या माणसाला मी ठरलेल्या मार्गाची विभागीय गाडी सुचवेन. रस्ता ओळखीचा होतो, धक्के तेच राहतात, आणि चूक झालीच तर ती कुठे होते हे दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत समजतं.

पायरी ३ : कायद्याचं घड्याळ समजून घ्या

तुम्ही जिथे चालवणार तिथला कामाच्या तासांचा नियम पाठ असायला हवा, कारण पगार आणि झोप दोन्ही त्यावर टांगलेली आहेत. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९७९ च्या १५३ क्रमांकाच्या करारात रस्ते वाहतुकीसाठी चौकट दिली आहे: सलग ४ तासांपेक्षा जास्त चालवायचं नाही, दिवसात ९ आणि आठवड्यात ४८ तास चालवण्याची कमाल मर्यादा, आणि चोवीस तासांत सलग १० तास विश्रांती. सगळ्या देशांनी हा करार स्वीकारलेला नाही, पण एखादं काम किती ताणाचं आहे हे जोखायला ही पट्टी चांगली आहे.

युरोपीय संघात दिवसाला ९ तास चालवता येतं, आठवड्यातून दोनदा १० तास, आणि साडेचार तासांनंतर ४५ मिनिटांची विश्रांती घ्यावीच लागते. आठवड्याची कमाल मर्यादा ५६ तास, पण लागोपाठच्या दोन आठवड्यांत मिळून ९० च. अमेरिकेत मालवाहू ट्रकसाठी १० तासांच्या सुट्टीनंतर ११ तास चालवता येतं, तेही कामावर हजर झाल्यापासून १४ तासांच्या आत. भारतात १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची चौकट घातली होती. प्रत्यक्ष रस्त्यावर काय चालतं ते ड्रायव्हर मंडळींना वेगळं सांगायला नको.

अमेरिकेतल्या त्या १४ तासांकडे जरा नीट बघा. सकाळी सहाला हजर झालात आणि गोदामाने पाच तास ताटकळत ठेवलं, तरी घड्याळ सहसा थांबत नाही. रात्री आठनंतर चालवता येत नाही, आणि हातात उरतात नऊ तास. किलोमीटरवर पैसे घेणाऱ्याचं नुकसान दोनदा होतं: थांबलेल्या वेळेचे मिळाले नाहीत आणि चालवायचे तासही गेले. थांबण्यामुळे लाईनच्या ड्रायव्हरचं पोट कापलं जातं. लोकलवाल्याला तासाचा पगार असेल तर त्याच रांगेत तो निदान कमावत तरी असतो.

अमेरिकेत लोकलला आणखी एक सवलत आहे. कामाच्या ठिकाणापासून सरळ रेषेत १५० हवाई मैल, म्हणजे सुमारे २७८ किलोमीटरच्या आत राहून १४ तासांत परत येणाऱ्याला तासांची इलेक्ट्रॉनिक नोंद ठेवावी लागत नाही. कटकट वाचते खरी, पण नोंद नसली की जादा तास खपवणंही सोपं होतं. अशा ठिकाणी स्वतःच्या वहीत हजर झाल्याची आणि सुटल्याची वेळ रोज लिहून ठेवा.

पायरी ४ : पैशांचा खरा हिशोब

इथे घाई करू नका. चलन कुठलंही असो, लोकलचा महिन्याचा पगार १०० धरा आणि लाईनचा १३०. वरवर पाहता लाईन तीस टक्क्यांनी सरस.

लोकलवाला रोज ११ तास, महिन्यात २६ दिवस काम करतो: २८६ तास. लाईनवाला २२ दिवस बाहेर असतो आणि चालवणं, लोडिंग, थांबणं धरून रोज १२ तास गुंतलेला असतो: २६४ तास. पण घराबाहेर तो २२ गुणिले २४, म्हणजे ५२८ तास आहे. रस्त्यावरचं जेवण, अंघोळ, पार्किंग यांचा भत्ता मिळत नसेल तर १५ वजा करा. हातात उरले ११५.

आता भागाकार. कामाच्या तासाला लोकल ०.३५, लाईन ०.४४. घराबाहेरच्या तासाला लाईन ०.२२. लोकलवाल्याच्या तासांत डेपोपर्यंत जाण्यायेण्याचा रोजचा दीड तास धरा, तेही बाहेरचेच आहेत, आणि आकडा ०.३१ वर येतो. एका हिशोबात लाईन पुढे, दुसऱ्यात लोकल. एकटा जीव असेल, केबिनमध्येच राहून खोलीभाडं वाचणार असेल, दोन वर्षांत कर्ज फेडायचं असेल, तर पहिला आकडा महत्त्वाचा. घरी लहान मूल किंवा आजारी आईवडील असतील तर दुसरा. माझे आकडे नमुन्याचे आहेत. तुमचे टाका आणि बघा. भत्ता पूर्ण मिळत असेल तर चित्र लगेच बदलतं, तसंच थांबण्याचे तास वाढले तरी.

पगाराची पद्धतही तपासा. किलोमीटरवर पैसे असतील तर रिकाम्या गाडीचे किलोमीटर धरतात का, आणि अंतर गाडीच्या मीटरवरून मोजतात की नकाशावरच्या सर्वांत जवळच्या रस्त्यावरून? खेपेवर पैसे असतील तर पावसात, बंद रस्त्यात अडकलेल्या दिवसाचं काय? महिन्याचा ठोक पगार लोकलमध्ये सुखाचा वाटतो, पण ‘जाताजाता एवढी एक खेप मार’ ही सवय त्याच पद्धतीत लागते. तासाचा पगार मला सर्वांत स्वच्छ वाटतो, फक्त जादा तासाचा दर लेखी हवा. सगळीकडे तो कायद्याने मिळतोच असं नाही: अमेरिकेत १९३८ च्या श्रममानक कायद्यातल्या जादा कामाच्या दीडपट वेतनाच्या तरतुदीतून आंतरराज्य मालवाहतुकीचे बहुतेक ड्रायव्हर वगळलेले आहेत.

आणखी एक खोच हॉल्टिंगची. गाडी अडकवून ठेवली म्हणून मालक मालवाल्या पार्टीकडून हॉल्टिंग, म्हणजे थांबण्याचे पैसे, घेतो आणि ते ड्रायव्हरपर्यंत पोचतच नाही, असं बऱ्याचदा होतं. त्यात तुमचा वाटा किती, हे नोकरी घेतानाच विचारा. नंतर विचारलं तर भांडण होतं. टायर फुटला, माल कमी भरला, दंड बसला, डिझेलचा ॲव्हरेज पडला, तर पैसे कोणाच्या खिशातून? या चार प्रश्नांची उत्तरं ऐकून मालकाची नियत कळते.

पायरी ५ : शरीराचं बघा, तेही प्रामाणिकपणे

लाईनचा मोठा शत्रू झोप. १९९७ साली ‘नेचर’मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात, सलग १७ तास जागं राहिलेल्यांची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के दारू असल्याइतकी घसरलेली आढळली, आणि २४ तासांनंतर ०.१० टक्के असल्याइतकी. भारतात वाहन चालवताना कायद्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. म्हणजे थेंबही न घेता माणूस त्या मर्यादेपलीकडच्या अवस्थेत स्टिअरिंगवर बसलेला असू शकतो. ताशी ८० च्या वेगाने गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. चार सेकंदांची डुलकी लागली तर जवळपास ९० मीटर ती बिनड्रायव्हरची. मध्यरात्र उलटल्यापासून पहाटेपर्यंत आणि दुपारी जेवणानंतर शरीर आपोआप सुस्तावतं. चहा आणि गाणी यांनी ते फार तर थोडं पुढे ढकललं जातं.

जोरात घोरण्याची सवय, जाड मान, वाढलेलं वजन आणि सात तास झोपूनही दिवसा डोळे मिटणं, ही लक्षणं असतील तर झोपेत श्वास अडकण्याचा विकार आहे का हे तपासून घ्या. उपचार आहेत, आणि उपचार घेणारे कित्येक ड्रायव्हर आरामात काम करतात. इन्सुलिन घेणाऱ्यांनी जेवणाची वेळ पाळता येईल का हे आधी पाहावं, कारण मालाची वेळ आणि पोटाची वेळ लाईनवर क्वचितच जुळतात. केबिन कशी आहे हेही इथेच बघायचं: झोपायला सपाट जागा, खिडकीला पडदे, सीटखाली चालू सस्पेन्शन. भारतात १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झाला आहे, पण तुम्हाला मिळणारी गाडी त्याआधीची असू शकते. चावी हातात घेण्यापूर्वी चढून बघा.

लोकलमध्ये त्रास होतो तो गुडघे, खांदे आणि कंबर यांना. दिवसात तीस-चाळीस वेळा केबिनमधून उतरायचं. उडी मारून उतरणाऱ्याचा गुडघा काही वर्षांत बोलायला लागतो. चढताना-उतरताना दोन हात एक पाय किंवा दोन पाय एक हात टेकलेलाच ठेवायचा, ही सवय पहिल्या दिवसापासून लावा. माल कोण उतरवणार, हेही विचारा. ‘ड्रायव्हर मदत करतो’ या वाक्याचा अर्थ काही ठिकाणी सगळा माल ड्रायव्हरच उतरवतो असा असतो. चाळिशीपुढे पाठीचं दुखणं घेऊन लोकल वितरणाची गाडी धरण्यापेक्षा बंद कंटेनरची लाईन शरीराला हलकी जाऊ शकते. हे अनेकांना उलटं वाटतं.

पायरी ६ : घरच्यांशी बोलायचं ते तपशिलात

‘मी आठवड्यातून एकदा येईन’ एवढं सांगणं पुरेसं नाही. शाळेची फी कोण भरणार, रात्री कोणी आजारी पडलं तर गाडी कोण काढणार, बँकेची कामं कोणाच्या सहीने होतील, हे बसून ठरवा. लाईनवाला घरी येतो तेव्हा त्याला झोपायचं असतं आणि घरच्यांना त्याच्याशी बोलायचं असतं. पहिला अर्धा दिवस झोपेचा हे ठरलेलं असेल तर निम्मी भांडणं टळतात. लोकलवाल्याने आपली पाळी किती वाजता सुरू होते ते सांगावं. पहाटे दोनची पाळी म्हणजे संध्याकाळी सातला अंथरूण, आणि तेव्हा घरात टीव्ही बंद. घराला हे झेपणार नसेल तर रोज घरी येण्याचा फायदा कागदावरच राहतो.

स्त्री ड्रायव्हरने आणखी दोन गोष्टी पाहाव्यात: रात्री थांबायची ठिकाणं ठरलेली आणि उजेडाची आहेत का, आणि मार्गावर वापरण्याजोगी स्वच्छतागृहं किती अंतरावर आहेत. डेपो ते डेपो गाडी इथे मोकाट लाईनपेक्षा पुष्कळ बरी.

पायरी ७ : मालकाची परीक्षा

मुलाखतीत तुम्हाला प्रश्न विचारले जातात, तसे तुम्हीही विचारा. पण खरी माहिती ऑफिसात मिळत नाही, ती यार्डाच्या फाटकाबाहेर मिळते. गाडी लावून बाहेर येणाऱ्या दोन-तीन ड्रायव्हरांशी बोला. पगार ठरल्या तारखेला होतो का, सुट्टी मागितली तर काय उत्तर येतं, थकलो म्हणून गाडी बाजूला लावली तर फोनवर काय ऐकावं लागतं. शेवटचा प्रश्न सर्वांत कामाचा. यार्डातल्या गाड्यांचे टायर, मागचे दिवे, ताडपत्रीच्या दोऱ्या बघा. जो मालक टायरवर पैसे वाचवतो तो ड्रायव्हरवरही वाचवणार.

लेखी काय हवं: पगाराची पद्धत, भत्ता, थांबण्याचे पैसे, आठवड्याची सुट्टी, अपघात विमा आणि नोकरी सोडण्याची मुदत. प्रशिक्षणाचा खर्च कंपनी करत असेल तर किती महिने बांधून घेतात आणि मध्ये सोडल्यास किती परत मागतात, ते नीट वाचा. ‘गाडी तुझ्याच नावावर करून देतो, हप्ते पगारातून कापतो’ असा प्रस्ताव नव्या माणसाने घेऊच नये असं माझं मत आहे. माल नसला तरी हप्ता थांबत नाही, आणि नोकरी सोडली तर गाडीही जाते. मूळ परवाना किंवा ओळखपत्र ठेवून घेणाऱ्याकडे थांबू नका. प्रत द्या, मूळ देऊ नका.

पायरी ८ : तीन महिन्यांची वही

नोकरी धरली की पहिले तीन महिने रोज चार ओळी लिहा: हजर कधी, सुटका कधी, थांबण्यात किती तास, झोप किती तास. महिन्याच्या शेवटी पगाराची चिठ्ठी शेजारी ठेवून चौथ्या पायरीतला भागाकार पुन्हा करा. पहिला महिना फसवा असतो, नवेपणामुळे सगळंच जड जातं, म्हणून तिसऱ्या महिन्याच्या आकड्यांवर जास्त भर द्या. झोप सरासरी सहा तासांच्या खाली सलग राहत असेल तर पगार कितीही असो, गाडी किंवा मार्ग बदलून मागा.

लाईनवरून लोकलला येताना पगार घटेल तो किती महिने सोसता येईल याची आधी तजवीज करा, आणि राजीनामा देण्यापूर्वी एखाद्या सुट्टीत त्या मार्गावर ओळखीच्या ड्रायव्हरच्या शेजारी बसून पूर्ण पाळी काढा, अर्थात कंपनीची परवानगी असेल तर. महामार्गाची सवय झालेल्याला गल्लीतला आरसा परका वाटतो, म्हणून सुरुवातीचे काही दिवस रिकाम्या यार्डात रिव्हर्स मारून घ्या आणि शंका आली की उतरून बघा. लोकलवरून लाईनवर जाताना पहिल्या एक-दोन फेऱ्या जुन्या ड्रायव्हरसोबत मागा. मिळत नसतील तर निदान दिवसाउजेडी पोचणारा माल मागा, आणि रात्री कुठे थांबायचं ती जागा निघण्यापूर्वीच नकाशावर ठरवून ठेवा.